शहरी वनांतला देशी झाडोरा नाहीसा होतोय: कारण शोधायचं कसं?

रानवाट (धागाकर्ता)

सिॲटल शहरात लेक वॉशिंग्टनमध्ये शिरलेल्या एका द्वीपकल्पावर सूअर्ड पार्क आहे. शहराच्या हद्दीत असूनही तिथे जुन्या जंगलाचा मोठा तुकडा टिकून आहे आणि त्याच्या तळाशी स्वोर्ड फर्न या देशी नेच्यांची दाटी असे. हा नेचा चिवट, सदाहरित आणि दीर्घायुषी. २०१३ च्या सुमारास तिथे नेहमी फिरणाऱ्यांच्या लक्षात आलं की एका भागातले नेचे वाळताहेत. पुढच्या काही वर्षांत तो पट्टा कडेकडेने वाढत गेला, आतली जमीन उघडी पडली आणि पुन्हा भरून आली नाही. दुष्काळ, बुरशी, कीड, कुरतडणारे प्राणी, माती अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. नमुने प्रयोगशाळांत गेले, पण सगळा प्रकार समजावून सांगेल असा एकच ठाम रोगकारक हाती लागला नाही.

धागा त्या उद्यानापुरता नाही. शहरांनी वेढलेल्या वनांत देशी झाडोरा विरळ होत जातो आणि कारण कोणालाच सांगता येत नाही, असं जगभर घडतंय. मला अस्वस्थ करते ती पुढची पायरी. कारण कळायच्या आतच त्या जागी नवी रोपं लावली जातात. रोपं जगली तर बरं झालं म्हणायचं, मेली तर पुन्हा लावायची. पहिली का मेली हा प्रश्न तसाच राहतो. लागवडीआधी तपास व्हायला हवा, हे माझं ठाम मत आहे. तो तपास सामान्य माणसांनी कसा करावा, यावर इथे बोलू या. जाणकारांनी जरूर लिहावं.

मृण्मयी_स

विषय महत्त्वाचा आहे. पण इतकं खोलात जायची गरज आहे का? उन्हाळे कडक झालेत, पावसाचा भरवसा नाही. शहरात उष्णता आणखी साठते. वेगळं कारण कशाला शोधायचं?

रानवाट

@मृण्मयी_स, हवामानाचा वाटा असणारच. पण पाण्याच्या ताणाने झाडं मेली तर त्याचा एक नकाशा तयार होतो. उन्हाकडचा उतार, माथा, उथळ माती, वनाची कड या जागा आधी वाळतात. एकच जात न मरता शेजारच्या नाजूक जातीही माना टाकतात. चांगल्या पावसाचं वर्ष आलं की थोडी तरी उभारी दिसते. याउलट मर एका बिंदूपासून वर्षागणिक बाहेर सरकत असेल, ओलसर घळीतही तितकीच असेल आणि एकाच जातीला धरून असेल, तर एकट्या दुष्काळावर बोट ठेवता येत नाही.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. मेलेलं, आजारी आणि धडधाकट अशा तीन खुणा करून दर हंगामात तोच भाग पुन्हा टिपायचा. मर पायवाटेला चिकटून आहे का, पाणी वाहतं त्या दिशेने खाली उतरतेय का, गटाराच्या तोंडापासून पसरतेय का, हे कागदावर आल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

मूळकूज

वनस्पतींचे रोग हाच माझा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा या निलगिरी कुळातल्या झाडांची गोष्ट या धाग्यासाठी फार बोलकी आहे. तिथे झाडं शेंड्याकडून वाळत मरताहेत हे १९२१ साली नोंदलं गेलं. झाडाखालचा देशी झुडूपवर्गही जात होता. जमिनीत पाणी साठतं, पोषण कमी पडतं, वणवे लागतात अशी कारणं सुचवली गेली. खरा कर्ता, फायटोप्थोरा सिनॅमोमी, सिद्ध व्हायला १९६५ उजाडलं. गंमत म्हणजे या जीवाचं वर्णन १९२२ मध्येच सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून झालं होतं. म्हणजे रोग आणि रोगकारक दोन्ही ठाऊक होते, पण त्यांची सांगड घालायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. तोवर रस्त्यांसाठी जंगलातला मुरूम इकडून तिकडे नेला जात होता आणि त्याबरोबर रोगही जात होता. आज त्या नैऋत्य भागातल्या देशी वनस्पतींपैकी सुमारे ४० टक्के जाती या रोगाला बळी पडू शकतात असं मानलं जातं.

उशीर का झाला? फायटोप्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. नात्याने तो तपकिरी शैवालांच्या जवळचा. त्याचे बीजाणू ओल्या मातीत पोहत मुळांपर्यंत जातात आणि बारीक तंतुमुळं कुजवतात. वरून पाहणाऱ्याला झाड तहानेने मेल्यासारखं दिसतं, कारण ते खरोखरच पाणी ओढू शकत नसतं. @मृण्मयी_स, तुम्ही म्हणता तसं दुष्काळासारखं दिसणं आणि दुष्काळ असणं यातला फरक इथे आहे.

नमुना घेताना हमखास होणारी चूक म्हणजे पूर्ण मेलेलं झाड उपटून प्रयोगशाळेत पाठवणं. मेलेल्या ऊतीवर नंतर आलेल्या कुजवणाऱ्या बुरशांची गर्दी असते. त्यात मूळ कर्ता सापडला तरी ओळखू येत नाही. नमुना मरीच्या सरकत्या कडेवरचा हवा: अर्धं हिरवं, अर्धं पिवळं झाड, त्याची बारीक मुळं आणि मुळांलगतची माती. सोबत त्याच जातीच्या निरोगी झाडाचा, लांबच्या जागेवरचा, अगदी तसाच घेतलेला नमुना. हा दुसरा नमुना नसेल तर पहिल्याचा अर्थ लावता येत नाही. निरोगी मुळांवरही शेकडो जीव असतात.

ओंजळ

मूळकूज, फायटोप्थोरा मातीत आहे की नाही हे प्रयोगशाळेशिवाय कळतं का?

मूळकूज

अंदाज येतो. याला आमिष लावणं म्हणतात. माती डब्यात घेऊन तिच्यावर पाणी ओतायचं आणि पाण्यावर कच्चं, टणक नासपती किंवा ऱ्होडोडेंड्रॉनची पानं सोडायची. बीजाणू असतील तर काही दिवसांत फळावर पाण्याच्या रेषेजवळ घट्ट, तपकिरी डाग उमटतात. पण डाग दिसला म्हणजे निकाल लागला असं नाही. डागातून जीव वेगळा करून ओळख पटवावी लागते, ते प्रयोगशाळेचं काम. आणि डाग नाही आला तर जीव नाहीच असंही म्हणता येत नाही, कोरड्या हंगामातली माती अनेकदा फसवते.

कोणताही जीव सापडला तरी कॉखचे निकष लागतातच. तो आजारी झाडांत असावा, वेगळा काढून वाढवता यावा, निरोगी झाडाला दिल्यावर तोच आजार व्हावा आणि तिथून तोच जीव परत मिळावा. बीच वृक्षांवरचा पर्णरोग ओहायोमध्ये २०१२ साली प्रथम दिसला. पानांच्या कळ्यांत राहणाऱ्या एका सूत्रकृमीचा हात त्यात आहे, हे या निकषांवर सिद्ध झालेलं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मधल्या काळात बुरशी, जिवाणू, विषाणू यांच्याकडेही संशयाने पाहिलं गेलं.

आणखी एक. आजार पसरवणारा स्वतः आजारी दिसेलच असं नाही. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ओक अचानक मरू लागले. २००० साली फायटोप्थोराचीच दुसरी जात, रॅमोरम, सापडली. ओकांवर तिचा मारा होत होता तो बहुतांशी शेजारच्या बे लॉरेलच्या पानांवरून. बे लॉरेलच्या पानांवर फक्त लहान डाग पडतात, झाड मजेत उभं राहतं. मेलेल्या झाडाइतकंच त्याच्या धडधाकट शेजाऱ्याकडेही बघा.

पिंपळपान

फारच माहितीपूर्ण. वाचतोय.

जुनी_वही

इथे सगळे मरणाऱ्या झाडांबद्दल बोलताहेत. मला वाटतं बहुतेक देशी वनस्पती अशा डोळ्यांदेखत मरतच नाहीत. त्या फक्त पुन्हा उगवत नाहीत. वाळलेलं खोड नाही, डाग नाही, नमुना नाही. म्हणून तक्रारही होत नाही. अशा ऱ्हासाचा एकच साक्षीदार असतो, जुनी यादी.

बॉस्टनजवळच्या मिडलसेक्स फेल्स या सुमारे ४०० हेक्टरच्या राखीव वनाची वनस्पती-यादी १८९४ साली झाली होती. १९९३ मध्ये पुन्हा शोध घेतला तेव्हा त्यातल्या ४२२ जातींपैकी १५५ सापडल्या नाहीत. ६४ नव्या जाती मिळाल्या, त्यांत परक्या बऱ्याच. या वनावर इमारती उठल्या नव्हत्या, ते कायद्याने राखलेलं होतं. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमधला ४ हेक्टरचा वर्षावनाचा तुकडा असाच, जपलेला. शंभर वर्षांत तिथल्या नोंदलेल्या जातींपैकी निम्म्या गेल्या. वर पाहिलं तर छत्र शाबूत, आत चालताना अजूनही रानच वाटतं.

तेव्हा कोणत्याही शहरी वनाचा तपास सुरू करताना विद्यापीठाच्या वनस्पती-संग्रहात जा. वाळवलेल्या नमुन्यांच्या कागदावर जागा आणि तारीख असते. जुने अहवाल, सहलींच्या नोंदी, बागेच्या कचेरीतल्या फायली बघा. पण यादीला यादी जोडताना फार सावध राहावं लागतं. वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलतात. एकच जात दोन नावांनी दोन याद्यांत असेल तर एक नष्ट आणि एक नवी असा खोटा हिशेब होतो. कंदवर्गीय वनस्पती वर्षातले काही आठवडेच वर येतात, त्या काळात गेला नाहीत तर त्या नाहीतच असं वाटेल. जुन्या यादीकाराने किती वर्षं, किती वेळा शोधलं आणि आपण किती, हे सारखं नसेल तर तुलना लंगडी पडते.

ओंजळ

जुनी_वही, हे वाचून एक विचारावंसं वाटतंय. मोठी झाडं उभी आहेत पण त्यांची रोपं कुठेच नाहीत, अशा ठिकाणी काय समजायचं?

जुनी_वही

तिथे ऱ्हास होऊन गेला आहे, फक्त अजून दिसत नाही. परिसर-अभ्यासक याला नामशेषतेचं कर्ज म्हणतात: परिस्थिती जातीला प्रतिकूल झालेली असते, पण जुनी झाडं आयुष्य संपेपर्यंत उभी राहतात. म्हणून एकूण झाडं मोजू नका, वयोगट मोजा. अंकुर, गुडघ्याएवढी रोपं, पुरुषभर उंचीची, फळ धरणारी. मधला गट रिकामा असेल तर साखळी कुठे तुटली ते शोधता येतं. फुलंच येत नाहीत? फुलं येतात पण फळ धरत नाही, म्हणजे परागण करणारे कीटक गेले? फळ धरतं पण बी रुजत नाही? रुजतं आणि कोणीतरी खातं? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वनात बसून, हातातल्या वहीत मिळू शकतं.

तणकट

मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. उघड कारण समोर असताना आपण सूक्ष्मजीव शोधतोय. परक्या आक्रमक वनस्पती! घाणेरी तीन खंडांत जंगलांचा तळ व्यापून बसली आहे. उत्तर अमेरिकेत गार्लिक मस्टर्ड हे युरोपी तण झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशांनाच मारक ठरतं, हे प्रयोगांनी दाखवलंय. तण उपटा, देशी झाडोरा परत येईल. वर्षानुवर्षं तण काढणाऱ्या लोकांना आता हे पुरेसं नाही असं सांगणं मला योग्य वाटत नाही.

मृद्गंध

@तणकट, तण काढणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे, मीही ते काम करते. पण याच गार्लिक मस्टर्डचा पुढचा अभ्यास बघा. पिट्सबर्गजवळच्या ट्रिलियम ट्रेल या वनात काही तुकड्यांना हरणं शिरू नयेत असं कुंपण घातलं आणि काही तसेच ठेवले. वर्षानुवर्षांच्या मोजणीनंतर २०१४ मध्ये निष्कर्ष आले. कुंपणाच्या आत तणाची संख्या स्वतःहून घटायला लागली आणि देशी ट्रिलियम वाढू लागलं. कुंपणाबाहेर तण फोफावत होतं. हरणं देशी रोपं खातात, तणाला तोंड लावत नाहीत. शिकारी प्राणी नसलेल्या, शिकारीला बंदी असलेल्या शहरी वनांत हरणं वाढतात. तिथे तण हा खरा शत्रू असेलही, पण त्याला रान मोकळं करून देणारा दुसराच होता.

तण कारण आहे की मागाहून आलेला पाहुणा, हे ठरवायला अशी कुंपणाची तुलनाच लागते. चार तुकडे आखा: एकात तण काढा, एकात कुंपण घाला, एकात दोन्ही करा, एकाला हात लावू नका. अशा चौकड्या वनात निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. एकाच जागची एकच चौकडी काही सिद्ध करत नाही.

आणि मातीकडे कोणी वळलंच नाही अजून, म्हणून तेही लिहिते. शहरी वनाची माती वरून जंगलासारखी दिसली तरी वागते वेगळी. चालणाऱ्यांच्या पायांनी ती दबते, मुळांना हवा मिळत नाही. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन पडून ती नकोइतकी सुपीक होते, मग गरिबीत वाढायची सवय असलेल्या देशी जाती मागे पडतात. सिमेंटच्या बांधकामाशेजारी सामू चढतो. थंड शहरांत बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ झिरपत राहतं. न्यूयॉर्कच्या शहरी वनांत माती पाणीच धरत नाही, थेंब वरच राहतो, असंही आढळलं होतं. हे घरी तपासता येतं: कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडा. पाच सेकंदांहून जास्त वेळ तो तसाच राहिला तर ती माती पाण्याला नकार देतेय.

गांडुळांचा तर मला स्वतंत्र धागाच काढायचा आहे. आपण त्यांना सरसकट मित्र मानतो. पण उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर हिमयुगात बर्फाचं आवरण होतं, तिथे देशी गांडुळं उरली नव्हती आणि त्या वनांची रचना पाचोळ्याच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर झाली. युरोपी गांडुळं आणि आता पूर्व आशियातली उड्या मारणारी गांडुळं तो थर फस्त करतात. बी रुजायची, कोवळी मुळं पसरायची जागाच जाते. तिथले अभ्यासक चार लीटर पाण्यात सुमारे ४० ग्रॅम मोहरीची पूड कालवून ती आखलेल्या चौकटीत ओततात. गांडुळं वर येतात, मोजता येतात, झाडांना इजा होत नाही. जिथे देशी गांडुळं मुळातच आहेत तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका.

तणकट

@मृद्गंध, ट्रिलियम ट्रेलचं माहीत नव्हतं. कुंपणाचा प्रयोग आमच्या गटापुढे मांडतो. तरी तण काढणं थांबवणार नाही.

मृद्गंध

थांबवूच नका. चार तुकड्यांतले दोन तुमचेच आहेत :)

देवराई७

एका वाक्यात उत्तर हवं असणाऱ्यांसाठी हा धागा निराशाजनक ठरेल, पण मला वाटतं तेच खरं आहे. वॉशिंग्टन राज्यात बिगलीफ मेपल २०११ पासून आजारी दिसू लागले. पानं आखूड, कडा करपलेल्या, छत्र विरळ. बरीच वर्षं रोगकारक शोधला, एकही सर्वत्र जुळेना. २०२१ च्या अभ्यासात संबंध जुळला तो रस्ते आणि वस्तीच्या जवळिकीशी आणि उष्ण, कोरड्या उन्हाळ्यांशी. @मृण्मयी_स, तुमचं म्हणणं तिथे बऱ्याच अंशी खरं ठरलं. फरक इतकाच की ते मोजून ठरलं.

पॉल मॅनियन या वनरोगतज्ज्ञाने १९८१ मध्ये मांडलेली चौकट मला उपयोगी वाटते. काही घटक झाडाला बरीच वर्षं पोखरत असतात (दबलेली माती, वय, चुकीची जागा). काही एकदाच धक्का देतात (दुष्काळ, कीड, खोदकाम). आणि काही शेवटी येऊन संपवतात (मूळकूज, खोडकिडे). आपण पोहोचतो तेव्हा समोर फक्त तिसरा असतो आणि सगळा दोष त्याला जातो. झाडाच्या वाढीची वलयं बघितली तर खरा धक्का पुष्कळदा कितीतरी वर्षं आधीचा निघतो. जिवंत झाडाला बारीक पोकळ गिरमिटाने छेद घेऊन वलयं मोजता येतात, पण तेही जाणकाराने, निर्जंतुक अवजारानेच करावं.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. अवजारांचा विषय निघाला म्हणून: आजारी भागातून निरोगी भागात कधीही जाऊ नका, क्रम नेहमी उलटा ठेवा. बुटांच्या तळव्यांची माती ब्रशने पूर्ण काढून मगच ७० टक्के अल्कोहोल फवारा. चिखलावर मारलेलं अल्कोहोल आत पोहोचत नाही. तपास करणाऱ्यांनीच रोग पसरवला तर त्याहून वाईट काय?

मृण्मयी_स

हे सगळं पटलं. पण रानवाट, व्यवहारात अडचण आहे. तपासाला वर्षं लागणार. तोवर उघडी जमीन तशीच ठेवायची? पावसात माती वाहून जाईल, तण शिरेल. लोक विचारतील की काहीच का करत नाही. देशी रोपं लावली तर नुकसान काय?

मूळकूज

नुकसान होऊ शकतं. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये देशी रोपांच्या एका रोपवाटिकेत फायटोप्थोरा टेंटॅक्युलाटा ही जात सापडली, अमेरिकेतली तिची ती पहिलीच नोंद. पुढे ती पुनर्लागवडीच्या जागांवरही मिळाली. म्हणजे जंगल सावरायला नेलेल्या रोपांच्या मुळांतूनच रोग तिथे गेला होता. रोप देशी असणं वेगळं आणि कुंडीतली माती स्वच्छ असणं वेगळं.

रानवाट

@मृण्मयी_स, प्रश्न रास्त आहे. उघड्या जमिनीवर त्याच वनातला, पण निरोगी भागातला नव्हे तर त्याच आजारी भागातला पाचोळा आणि पडलेल्या फांद्या उताराला आडव्या पसरा. माती थांबते आणि बाहेरून काही येत नाही. लोकांना दाखवायला फलक लावा: इथे तपास चालू आहे, कृपया आत चालू नका.

आणि लागवड करायचीच असेल तर ती प्रश्न विचारणारी असू द्या. मर झालेल्या जागेची माती आणि निरोगी जागेची माती घ्या. प्रत्येकीचे दोन भाग करा, एक तसाच ठेवा, एक वाफेवर निर्जंतुक करा. चारही प्रकारांत सारख्या वयाची, एकाच ठिकाणची निरोगी रोपं लावा, पाणी आणि सावली सारखी द्या. मर झालेल्या कच्च्या मातीतली रोपं गेली आणि त्याच मातीच्या वाफवलेल्या भागातली जगली, तर मातीत काहीतरी सजीव आहे. दोन्हीकडे गेली तर मीठ, विषारी द्रव्य, सामू यांच्याकडे वळा. चारही ठिकाणी जगली तर दोष बहुधा मातीत नाही, तो वर आहे: खाणारे प्राणी, ऊन, पाणी, तुडवणं.

ओंजळ

कुंड्या किती ठेवायच्या? आणि किती काळ?

मूळकूज

प्रत्येक प्रकाराच्या किमान दहा. दोन-तीन कुंड्यांत योगायोग आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. मुळांचे रोग संथ असतात, एक पूर्ण वाढीचा हंगाम तरी द्या आणि शेवटी जगलेली रोपंसुद्धा उपटून मुळं धुऊन बघा. वरून हिरव्या रोपाची अर्धी मुळं गेलेली असू शकतात. वाफवल्याने मातीतली पोषणद्रव्यं थोडी मोकळी होतात, म्हणून निरोगी मातीचा वाफवलेला भागही हवाच, तो गाळू नका. कुंड्यांखाली वेगवेगळ्या ताटल्या ठेवा, एकीचं पाणी दुसरीत जायला नको. कुंड्यांवर फक्त क्रमांक लिहा आणि कोणत्या क्रमांकात कोणती माती आहे ती यादी नोंदी घेणाऱ्यापासून वेगळ्या माणसाकडे द्या.